आमच्या माणसांना दवाखान्यापर्यंत आणतं कोण? आरोग्य खात्यांना आणि निधी देणाऱ्या संस्थांना खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र आरोग्य खात्यांत बसून धोरणं ठरवणाऱ्यांना आणि कुठल्या कामाला पैसे द्यायचे, कुठल्या नाही, हे ठरवणाऱ्या संस्थांना आहे. कुठल्या एका देशाच्या खात्याला लिहीत नाहीये, कारण आपला देश सोडून दुसरीकडे गेलेल्या गे, लेस्बियन, बायसेक्शुअल आणि ट्रान्स माणसांच्या तक्रारी ऐकायला बसलं की देशाचं नाव तेवढं बदलतं, बाकी रडगाणं तेच असतं. मराठीत लिहितेय कारण मराठी माणसं यात दोन्हीकडे आहेत. परदेशात जीव मुठीत धरून राहणारी आहेत, आणि तिथल्याच हॉस्पिटलांत, एनजीओंत, विद्यापीठांत, फंडिंगच्या कमिट्यांवर चांगल्या जागी बसलेली पण आहेत, त्यातल्या काहींनी तरी हे वाचावं आणि आपल्या वरिष्ठांपर्यंत पोचवावं असं मनापासून वाटतं.

मी लेस्बियन आहे, स्थलांतरित आहे, आणि आमच्यासारख्याच लोकांनी चालवलेल्या एका छोट्या ग्रुपबरोबर काम करते. ग्रुप म्हणजे काय, तर आठवड्यातून एका संध्याकाळी मिळणारी एक खोली, एक फोन जो आम्ही आलटूनपालटून जवळ ठेवतो, आणि काही माणसं जी दुसऱ्याबरोबर दवाखान्यात जातात, फॉर्म भरून देतात, तासन्‌तास बाहेर बसून राहतात. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीशिवाय तुमच्या चकाचक क्लिनिकमध्ये आमच्यातलं एकही माणूस दुसऱ्यांदा येत नाही हे मी स्वतः बघते, आणि तरी तुमच्या बजेटमध्ये डॉक्टर असतात, मशीन असतात, पोस्टर असतात, आणि हे सोबत जाणारं माणूस कुठेच नसतं. मला मुख्य सांगायचंय ते हेच. हे सोबत जाणं ही आरोग्यसेवाच आहे, तिला तसं माना, आणि तिचे पैसे द्या.

आधी कुणाबद्दल बोलतेय ते सांगते, कारण याबद्दल खूप गैरसमज आहेत. साठहून जास्त देशांत आजही समलिंगी संबंध गुन्हा आहे, युगांडात तर २०२३ मध्ये जो कायदा आला त्यात काही बाबतीत फाशीपर्यंतची शिक्षा आहे, त्यामुळे पळून आलेली माणसं आहेतच. पण सगळेच काही असे पळालेले नसतात. कुणी शिकायला येतं, कुणी नोकरीला, कुणी लग्न करून येतं आणि मग लक्षात येतं की व्हिसा नवऱ्याच्या नावावर आहे आणि आता तोंड उघडलं तर राहायची जागाच जाणार. कुणी हंगामी मजूर असतं, एका खोलीत आपल्याच गावच्या आठ जणांबरोबर राहतं. या लोकांना आश्रय, म्हणजे मायदेशी जिवाला धोका म्हणून दुसऱ्या देशाने दिलेलं संरक्षण, नकोय, त्यासाठी अर्ज करायचा नाहीये, त्यांना फक्त कुणाला न कळता एक तपासणी करून हवी असते, किंवा रात्री झोप लागत नाही त्याबद्दल कुणाशी तरी बोलायचं असतं. तुमच्या योजनांमध्ये ‘निर्वासित’ असा एक रकाना असतो आणि ‘एलजीबीटी’ असा एक, आणि आमचा माणूस दोन्हींच्या मधून खाली पडतो. स्थलांतरितांच्या संस्थेत जावं तर तिथे काकाचा मित्र व्हॉलंटियर निघतो. एलजीबीटी सेंटरला जावं तर तिथे भाषा कळत नाही आणि कागदपत्रांबद्दल त्यांना स्वतःलाच काही माहीत नसतं. ना इकडचे ना तिकडचे.

आता एक प्रसंग सांगते. ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही.

एक ट्रान्स बाई, आश्रयाचा अर्ज केलेली, खोकला काही केल्या जात नव्हता, अंगात कणकण, वजन उतरलेलं. कशीबशी तयार झाली दवाखान्यात यायला. नीट साडेआठला पोचलो, नंबर लागला, आणि रिसेप्शनवरच्या माणसाने पासपोर्टवरचं नाव मोठ्याने पुकारलं. पुरुषाचं नाव. ती उठलीच नाही. त्याने पुन्हा पुकारलं, मग तिसऱ्यांदा जरा चिडून, आणि तोपर्यंत वेटिंग रूममधली सगळी माणसं कोण उठतंय म्हणून इकडेतिकडे बघायला लागली, त्यात तिच्याच देशातलं एक कुटुंब बसलेलं होतं, लहान मुलांसकट. तिने पर्स उचलली आणि सरळ बाहेर पडली. मी मागे धावले. ती म्हणाली, मला काही झालेलं नाही, साधा खोकला आहे, जाऊ दे. पुढे दुसऱ्या एका ठिकाणी, आमच्या ओळखीच्या नर्सने संध्याकाळी उशिरा बोलावून घेतलं तेव्हा कुठे थुंकीची तपासणी झाली, आणि टीबी निघाला. मधल्या काळात ती सहा बायकांबरोबर एका खोलीत झोपत होती.

रिसेप्शनवरच्या त्या माणसाला मी दोष देत नाही, त्याच्यासमोर जे नाव छापलेलं होतं ते त्याने वाचलं. दोष फॉर्मचा आहे. ‘तुम्हाला काय नावाने हाक मारायची’ असा एक रकाना टाकायला किती खर्च येतो? काहीच नाही. किंवा नावच पुकारू नका, नंबर पुकारा. पण हे सांगणारं माणूस फॉर्म बनवणाऱ्यांच्या खोलीत कधी नव्हतंच.

आणि गोष्ट तिथे संपत नाही. टीबीचं औषध सुरू करताना डॉक्टरांनी विचारलं, बाकी काही गोळ्या चालू आहेत का. ती नाही म्हणाली. मला माहीत होतं की चालू आहेत, कारण आमच्या ग्रुपमध्ये तिने सांगितलेलं, पण तिच्या परवानगीशिवाय मी बोलणं बरोबर नव्हतं, म्हणून मी तिला बाहेर नेऊन समजावलं आणि मग ती आत जाऊन स्वतः बोलली. ती गर्भनिरोधक गोळ्या घेत होती, एकीच्या जागी तीन-चार, हॉर्मोन म्हणून, कारण हॉर्मोनची नीट ट्रीटमेंट मिळायला तिच्याकडे ना इन्शुरन्स ना कागद. आता यातले दोन धोके डॉक्टर लोकांना माहीत असतात, आमच्या लोकांना नसतात. अशा गोळ्यांत बहुतेक वेळा एथिनिल एस्ट्राडिऑल, म्हणजे कृत्रिम एस्ट्रोजेन (बायकांचं हॉर्मोन), असतं, त्याने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून ट्रान्स बायकांना ते देऊ नये असं आता सगळीकडे मानतात. आणि टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन शरीरातलं एस्ट्रोजेन भराभर संपवतं. म्हणजे टीबीचं औषध सुरू झालं की बाईला वाटतं आपलं शरीर परत मागे चाललंय, आणि मग ती एकतर टीबीच्या गोळ्या सोडते नाहीतर हॉर्मोनच्या गोळ्या अजून वाढवते. एचआयव्ही असेल तर आणखी एक भानगड, कारण डोल्युटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीचं औषध रिफॅम्पिसिनबरोबर दिवसातून एकदाच्या ऐवजी दोनदा द्यावं लागतं. हे सगळं पुस्तकात आहे, डॉक्टरांना येतं. पण समोरचं माणूस खरं बोललं तरच त्याचा उपयोग, आणि खरं बोलायला विश्वास लागतो, आणि तो विश्वास त्या दिवशी दवाखान्याने कमावलेला नव्हता, आमच्या खोलीत बसून चहा पिताना कमावलेला होता. त्याचे पैसे कुणी दिले? कुणीच नाही.

दुभाष्यांचंही असंच. तुम्ही दुभाषी देता, बरं आहे, खरंच बरं आहे, कित्येक ठिकाणी तेही मिळत नाही. पण दुभाषी त्याच समाजातला असतो, त्याच वस्तीत राहतो, त्याच प्रार्थनास्थळात जातो, आणि डॉक्टर त्याच्या तोंडून विचारतात की तुमचे संबंध पुरुषांशी की बायकांशी. समोरचा मुलगा एका झटक्यात ‘बायकांशी’ म्हणतो. डॉक्टर पुढे जातात. घशाची, गुदद्वाराची तपासणी होत नाही, प्रेपचा, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या औषधाचा, विषय निघत नाही, फाइल बंद. दुभाषी गोपनीयतेच्या कागदावर सही करतो हे मला माहीत आहे, पण त्या मुलाला त्या कागदाचं काय, त्याला फक्त एवढं माहीत आहे की या माणसाचा भाऊ माझ्या बापाला ओळखतो. उपाय आहेत. फोनवरचा दुभाषी, दुसऱ्या शहरातला, आणि पेशंटचं नाव त्याला सांगायचं नाही. पेशंटला आधीच विचारायचं की दुभाषी बाई हवी की पुरुष, आपल्या देशातला चालेल की नको. घरच्या माणसाला, त्यातही मुलांना, दुभाषी म्हणून कधीच बसवायचं नाही. आणि आमच्यासारख्या ग्रुपमधल्या दोन भाषा येणाऱ्या लोकांना दुभाष्याचं रीतसर ट्रेनिंग आणि रीतसर मानधन द्यायचं.

पण या सगळ्याच्या आधी एक भीती आहे, ती काढल्याशिवाय बाकीचं सगळं वाया. दवाखान्यात दिलेला पत्ता पोलिसांकडे जाणार का? इमिग्रेशनकडे जाणार का?

तुम्ही म्हणाल, असं कुठे असतं का. असतं. इंग्लंडमध्ये २०१७ च्या सुरुवातीपासून आरोग्यसेवेकडची पेशंटची माहिती, पत्त्यासकट, गृहखात्याला द्यायचा करार अमलात होता. डॉक्टर ओरडले, संस्था ओरडल्या, खासदारांच्या आरोग्य समितीने विरोध केला, आणि मे २०१८ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. गंमत बघा, गंमत कसली, वाईटच वाटतं याचं, की त्याच इंग्लंडने ऑक्टोबर २०१२ मध्ये एचआयव्हीची ट्रीटमेंट सगळ्यांना फुकट केली होती, व्हिसा असो नसो. किती चांगला निर्णय! आणि पाच वर्षांच्या आत असं वातावरण केलं की ती फुकटची ट्रीटमेंट घ्यायला माणूस घाबरावा. जर्मनीत वेगळीच अडचण. तिथे डॉक्टर गोपनीयतेला बांधलेले आहेत, पण कागद नसलेल्या माणसाला साधी, इमर्जन्सी नसलेली ट्रीटमेंट हवी असेल तर समाजकल्याण ऑफिसकडून पत्र आणावं लागतं, आणि निवास कायद्याच्या कलम ८७ प्रमाणे त्या ऑफिसवर अशा माणसाची माहिती पुढे कळवायचं बंधन. मग कोण जाणार तिकडे? म्हणून तर तिथे १९९० च्या दशकापासून मेडिब्युरो नावाचे स्वयंसेवी गट उभे राहिले, जे नाव न विचारता डॉक्टर गाठून देतात, आणि पुढे थुरिंगिया राज्यासारख्या ठिकाणी अनामिक उपचारपत्राची, म्हणजे नाव न देता डॉक्टरकडे जाता येईल अशा कागदाची, सोय झाली. म्हणजे वाट आधी लोकांनी पाडली.

उलट बाजूही आहे. पोर्तुगालने मार्च २०२० मध्ये, कोविड सुरू झाल्या झाल्या, ज्यांचे इमिग्रेशनचे अर्ज पडून होते त्यांना तात्पुरतं कायदेशीर रहिवासी मानून आरोग्यसेवा खुली केली. स्पेनने २०१२ मध्ये कागद नसलेल्यांची आरोग्यसेवा काढून घेतली होती ती २०१८ मध्ये परत दिली. तेव्हा ‘सिस्टीममध्ये होत नाही’ हे कृपा करून सांगू नका. सरकारने मनावर घेतलं की होतं.

एचआयव्हीबद्दल जरा थांबून बोलते. कारण इथे अफवा औषधापेक्षा आधी पोचतात. अमेरिकेने १९८७ पासून एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला देशात यायला बंदी घातली होती, ती उठली जानेवारी २०१० मध्ये. इतकी वर्षं झाली, तरी आजही आमच्याकडे येणारे कितीतरी लोक, भले ते वेगळ्याच देशात असोत, असंच धरून चालतात की टेस्ट पॉझिटिव्ह आली की अर्ज फेटाळणार, हद्दपार करणार. काही देशांत अजून तसे निर्बंध आहेतच, त्यामुळे त्यांची भीती काही वेडेपणाची नाही. म्हणून टेस्टच करायची नाही, असा सरळ हिशोब. आणि दुसरीकडे विज्ञान कुठे पोचलंय बघा. पार्टनर नावाच्या अभ्यासात, त्याचे शेवटचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, जवळपास ८०० गे जोडप्यांना वर्षानुवर्षं तपासलं, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशी जोडपी, कंडोम न वापरणारी, आणि औषधं नीट चालू असून व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दाबलेला असताना जोडीदाराकडून जोडीदाराला एकही लागण झाली नाही. एकही नाही! हे वाक्य मी जेव्हा कुणाला त्याच्या भाषेत सांगते ना, तेव्हा समोरचं माणूस आधी विश्वासच ठेवत नाही, मग परत परत विचारतं. आपण कुणालाच विष देत नाही आहोत हे कळणं, औषधाइतकंच मोठं असतं ते.

पण औषध अखंड मिळायला हवं ना. माणूस येताना महिन्या-दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन येतो, त्या संपतात, आणि इथे नोंदणीला, इन्शुरन्सला, पहिल्या अपॉइंटमेंटला त्याहून जास्त वेळ लागतो. एका कॅम्पातून दुसऱ्या कॅम्पात हलवलं की फाइल मागे राहते. डिटेन्शनमध्ये घेतलं की गोळ्या काढून घेतात आणि परत द्यायला किती दिवस लावतील सांगता येत नाही. खंड पडला की व्हायरल लोड वर, आणि परत परत पडला की औषधच लागू पडेनासं होऊ शकतं. यावर करायचं काय ते अगदी सोपं आहे, पहिल्याच भेटीत, कागद बघायच्या आधी, तीन महिन्यांच्या गोळ्या हातात द्या, आणि जुना प्रिस्क्रिप्शन कुठल्याही भाषेतला असला तरी चालवून घ्या. गोळीवरचं नाव बघून कुठलंही फार्मसिस्ट ओळखतं. आज हे असं होतं ते कसं, तर आमच्यातला एकजण दुसऱ्याला आपल्या डबीतल्या पंधरा गोळ्या काढून देतो. मी हे चांगलं म्हणून सांगत नाहीये. हे थांबावं म्हणून सांगतेय.

डॉक्टरांना उद्देशून थोडं, कारण हे पत्र खात्यांना असलं तरी शेवटी खोलीत तेच असतात. १७ मे १९९० ला जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढलं ते नव्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, जी २०१९ ला मंजूर झाली आणि जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तरीही आश्रयाच्या केसेसमध्ये डॉक्टरांना विचारलं जातं की हा माणूस खरंच गे आहे का ते तपासून सांगा. सांगू नका. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये असल्या ‘टेस्ट’ घेणं आणि खाजगी व्हिडिओ पुरावा म्हणून घेणं चुकीचं ठरवलं, आणि जानेवारी २०१८ मध्ये मानसशास्त्रीय चाचण्या लावून कोण गे ते ठरवणंही नाकारलं. डॉक्टरांकडून खरी मदत हवी ती वेगळी आहे. अंगावरच्या खुणा, मोडून वाकडी जुळलेली हाडं, झोप, भीती, अचानक बधिर होणं, हे नीट नोंदवून द्या. त्यासाठी इस्तंबूल प्रोटोकॉल आहे, म्हणजे छळाच्या खुणा कशा तपासायच्या आणि नोंदवायच्या याची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शिका, १९९९ पासून, २०२२ मध्ये सुधारूनही आलाय. तो कसा वापरायचा याचं ट्रेनिंग किती डॉक्टरांना मिळतं? आणि माणसाला आपल्या बलात्काराची गोष्ट वकिलाला, अधिकाऱ्याला, सोशल वर्करला, डॉक्टरला, परत दुसऱ्या डॉक्टरला अशी पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, एकदा नीट लिहून घ्या आणि त्याच्या परवानगीने तेच वापरा. समुपदेशनाला वर्षभराची रांग असते, आणि आम्ही ग्रुपमध्ये जे करतो, म्हणजे बोलू देणं आणि न घाबरता ऐकणं, त्याने काही रात्री निघून जातात हे खरंय, पण आम्ही मानसोपचारतज्ज्ञ नाही, आम्हाला ते करायला लावू नका.

आता पैशांचं.

आमच्यासारख्या गटांना तुम्ही ‘कम्युनिटी पार्टनर’ म्हणता, रिपोर्टात आमचे फोटो छापता (तेही छापू नका, लोकांना घरचे ओळखतात), आणि निधी मागायला गेलो की मागच्या तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशोब आणा म्हणता. नोंदणी झालेली संस्था हवी म्हणता. विश्वस्तांची नावं आणि पत्ते जाहीर हवेत म्हणता. आमच्यातल्या निम्म्या लोकांचा पत्ता जाहीर झाला तर घरचे दारात येतील, ते कसे विश्वस्त होणार? मग पैसे जातात एखाद्या मोठ्या संस्थेला, आणि ती आम्हालाच फोन करते की जरा माणसं गोळा करून देता का, सर्व्हे आहे, बसभाडं देऊ. बारा महिन्यांचा प्रोजेक्ट असतो, त्यातले तीन महिने मंजुरीत जातात, शेवटचे दोन रिपोर्टात, आणि लोकांना विश्वास बसायला लागतो न लागतो तोच खोलीचं भाडं भरायला पैसे नसतात. किती जणांच्या टेस्ट केल्या तो आकडा मागता. एखाद्या मुलीला टेस्टपर्यंत आणायला लागलेले ते सगळे फोन, रात्री-अपरात्रीचे, ते कुठल्या रकान्यात लिहायचे?

हे माझंच म्हणणं आहे असं नाही, तुम्ही स्वतः मान्य केलेलं आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला एड्स झालेल्या माणसांनीच सांगितलं होतं की आम्हाला ‘बळी’ म्हणू नका आणि निर्णय जिथे होतात तिथे आम्हाला बसवा. १९९४ च्या १ डिसेंबरला पॅरिसमध्ये ४२ देशांनी सही केली की एचआयव्ही असलेल्या लोकांचा सहभाग वाढवू. आणि जून २०२१ मध्ये तर संयुक्त राष्ट्रांत देशांनी आकडेच लिहून दिले, की २०२५ पर्यंत टेस्टिंग आणि ट्रीटमेंटच्या ३० टक्के सेवा, आणि जास्त धोक्यातल्या गटांसाठीच्या प्रतिबंधाच्या ८० टक्के सेवा कम्युनिटीने चालवलेल्या संस्था देतील. २०२५ येऊन गेलं. उलट त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एका आदेशात थांबवली आणि पहिल्या झटक्यात कोलमडले ते हेच छोटे गट, कारण त्यांच्याकडे राखीव पैसा कधी साठूच दिलेला नव्हता. एका देशाच्या एका सहीवर इतकी माणसं लटकत ठेवणं हे कुठलं नियोजन? बाकीच्या देशांनी, आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्या फाउंडेशननी याचा विचार केला पाहिजे.

कम्युनिटीचं काम म्हणजे काय ते कुणाला बघायचं असेल तर लोरेना बोर्हास यांच्याबद्दल वाचा. मेक्सिकोतून अमेरिकेत आलेली ट्रान्स बाई, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहायची. स्वतः शोषणातून गेलेली, अंगावर गुन्हे लागलेले. तिने काय केलं, तर दर आठवड्याला स्वतःच्या घरात एचआयव्हीची तपासणी ठेवायला सुरुवात केली, कारण तिच्या मैत्रिणी दवाखान्यात जायच्या नाहीत पण तिच्या घरी यायच्या. हॉर्मोनची इंजेक्शनं घेणाऱ्या बायकांना स्वच्छ सुया मिळतील याची सोय केली. अटक झालेल्यांच्या जामिनासाठी निधी उभा केला, रात्री पोलीस स्टेशनला, सकाळी कोर्टात, हे वर्षानुवर्षं. २०१७ मध्ये तिथल्या गव्हर्नरने तिचे जुने गुन्हे माफ केले. ३० मार्च २०२० ला ती कोविडने गेली, आणि त्याच्या आदल्या दिवसांतही ती काम बंद पडलेल्या ट्रान्स बायकांसाठी पैसे गोळा करत होती. अशी माणसं जगात ठिकठिकाणी आहेत, मी काही जणींना ओळखते, आणि त्या थकल्यात. पगार नाही, रजा नाही, स्वतःच्या व्हिसाचा पत्ता नाही, आणि फोन वाजायचा थांबत नाही. एखादी आजारी पडली की पूर्ण भागातली सेवा बंद पडते. याला आरोग्यव्यवस्था म्हणायचं का?

आम्हाला काय हवंय ते थोडक्यात लिहिते. सोबत जाणाऱ्या साथींना नर्सप्रमाणे पगारावर घ्या, निदान ठरलेलं मानधन द्या, आणि ज्यांना काम करायची परवानगी नाही त्यांच्यासाठी कायदेशीर वाट काढा, तुमच्याकडे वकील आहेत, आमच्याकडे नाहीत. निधी तीन ते पाच वर्षांचा द्या, त्यात भाडं, फोन आणि माणसांचे पगार धरा. नोंदणी नसलेल्या गटांचे हिशोब एखादी भरवशाची मोठी संस्था सांभाळेल अशी सोय करा, पण निर्णय गटाचेच राहू द्या. दवाखाना आणि इमिग्रेशन यांच्यात माहितीची भिंत कायद्याने बांधा, तोंडी आश्वासन नको, आणि ती भिंत आहे हे लोकांच्या भाषेत दारावर लिहा. संध्याकाळची ओपीडी ठेवा. नावाचा रकाना बदला.

आणि पुढचं बजेट ठरवायची बैठक असेल तेव्हा आमच्यातल्या दोघांना बोलवा, सर्व्हेसाठी नाही तर मतासाठी, आणि शक्यतो त्यातली एक ट्रान्स व्यक्ती असू द्या. प्रवासखर्च आणि दुभाषी तुमचा. बैठक संध्याकाळी सहानंतर ठेवा, कारण दिवसा आम्ही सगळे कामावर असतो, आणि हजेरीच्या कागदावर खरं नाव लिहायची सक्ती करू नका.

तुमची,
दवाखान्यात सोबत जाणाऱ्यांपैकी एक